फाळके जयंतीला फक्त हार नको, पडदा बांधूया! नाशिकमध्ये कोणता चित्रपट दाखवावा?

गोदाकाठ

मंडळी, ३० एप्रिल जवळ आलाय. दादासाहेब फाळक्यांची जयंती. त्या दिवशी पुतळ्याला हार घालतात, भाषणं होतात आणि भाषणांत तीन गोष्टी हमखास येतात: जन्म त्र्यंबकेश्वरचा, पहिला चित्रपट 'राजा हरिश्चंद्र', त्यांच्या नावाने देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार. सगळं खरं आहे. पण ऐकणाऱ्यांपैकी फाळक्यांचा एक तरी चित्रपट पाहिलेले किती? आमच्या सोसायटीत विचारलं तर सगळ्यांना नाव पाठ, चित्रपट कोणीच पाहिलेला नाही. हे मला फार लागलं.

कारण नाशिक हे त्यांच्या कामाचं गाव आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावात कोरोनेशन थिएटरला लागला आणि त्याच वर्षी फाळके दादरचं बिऱ्हाड आवरून इथे आले. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंका दहन', पुढे १ जानेवारी १९१८ ला हिंदुस्थान फिल्म्स कंपनी, तिचे 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन', हे सगळं नाशिकच्या काळातलं. १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले तेही इथेच.

माझं म्हणणं एवढंच की दिग्दर्शकाची आठवण त्याचं काम बघून काढावी. यंदा आपण पडदा बांधून त्यांचा चित्रपट सगळ्यांनी मिळून बघूया. कोणता? कुठे? मूकपट आहे, मग संगीताचं काय? आणि आजची पोरं मोबाइल खिशात ठेवून बसतील का? सुचवा.

पंचवटीकर

यात विचारायचं काय? 'राजा हरिश्चंद्र'. पहिला तो पहिला.

रीळवाला

@पंचवटीकर, 'राजा हरिश्चंद्र' आज अख्खा उरलेला नाही. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. तीही १९१३ ची मूळ प्रत की १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. तुकडे बघायला सुंदर आहेत, राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतो तो प्रसंग तर आहेच. पण गोष्ट मधेच तुटते. नवख्या माणसाला काय कळणार?

'कालिया मर्दन' (१९१९) बराचसा शाबूत आहे, पाऊण तासाच्या आसपास. गोष्टीला सुरुवात आहे, शेवट आहे. माझं मत त्याला.

मालवणचा_वारा

वाईट वाटून घेऊ नका, पण 'पहिला' म्हणताना जरा थांबा. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ ला त्याच कोरोनेशनला लागला होता. फाळक्यांच्या जवळजवळ एक वर्ष आधी. आमच्या बाजूला हे नाव अजून अभिमानाने घेतात आणि दर जयंतीला ते गाळलं जातं.

पंचवटीकर

@मालवणचा_वारा, 'पुंडलिक' म्हणजे रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्याने टिपलेलं. कॅमेरा चालवणारा परदेशी, फिल्म धुवायला गेली लंडनला. फाळक्यांनी पटकथेपासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं इथे, आपल्या माणसांकडून केलं. फरक आहे.

मालवणचा_वारा

फरक आहे हे मान्य, नाव गाळणं मान्य नाही. नाटक टिपायलाही आधी कोणाच्या तरी मनात यावं लागतं! आणि मागे जायचंच तर सावे दादांनी (हरिश्चंद्र भाटवडेकर) १८९९ मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली होती. त्यांनाही एक हार घाला.

गोदाकाठ

दोघांचंही पटतंय. चित्रपट सुरू होण्याआधी दोन मिनिटं बोलायचं ठरलं तर त्यात तोरणे आणि सावे दादा दोघांची नावं घ्यायची, हे नक्की. आता पडद्याकडे या.

त्र्यंबकची_लेक

नावं घ्यायचीच आहेत तर सरस्वतीबाईंचं आधी घ्या. मला या धाग्यात हेच लिहायचं होतं.

फाळक्यांनी १९११ च्या ईस्टरला गिरगावात ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला आणि ते झपाटले, हे सगळे सांगतात. पण पुढे? घरातल्या वस्तू विकल्या जाताहेत, विम्याची पॉलिसी गहाण पडलीय, सतत सिनेमे बघून आणि जागून नवऱ्याची दृष्टी काही काळ गेलीय. अशा वेळी ही बाई मागे हटत नाही. वर दागिने काढून देते. 'हरिश्चंद्र'च्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक तिच्यावर. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडेल. रात्री जेवणं उरकली की अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायची. तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. यंत्रात पट्टी घालून, हाताच्या अंदाजाने, कडेची भोकं एकसारख्या अंतरावर पाडावी लागत. अंतर चुकलं की चित्र पडद्यावर नाचणार. शिवाय फिल्म धुणं, जोडणं यातही तिचा हात.

आज हे सगळं करणाऱ्या माणसांची नावं चित्रपटाच्या शेवटी पाच मिनिटं सरकत असतात. तिथे हे सगळं एकटी सरस्वतीबाई करत होती. स्मारक बघायला येणाऱ्या पोरींना हे कोणी सांगत नाही.

चिवडा_संध्याकाळ

+१. अंगावर काटा आला वाचताना.

जुनं_नाशिक

ताई, छान लिहिलंत. त्यात भर: नाशिकला आल्यावरचा पहिला चित्रपट 'मोहिनी भस्मासुर', आणि त्यात पहिल्यांदा बायकांनी बायकांची कामं केली. दुर्गाबाई कामत पार्वती, त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. मायलेकी नाटक कंपनीतल्या. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या. पुढे त्याच कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. एका घराण्याची अभिनयाची परंपरा आपल्या गावात पडद्यावर सुरू झाली, आणि गावात किती जणांना ठाऊक आहे?

त्याआधीच्या 'हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. हॉटेलात कामाला होते, फाळक्यांनी तिथून उचललं. 'लंका दहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच!

शिंगाडा_तलाव

म्हणजे सीताहरणानंतर राम ज्या सीतेला शोधत फिरला ती कपडे बदलायला गेली होती 😄

जुनं_नाशिक

हसा, पण लोक तो बघायला गर्दी करत होते. पडद्यावर राम आला की हात जोडायचे. सीतेचे दंड पीळदार दिसतात, तरी कोणाची श्रद्धा ढळली नाही. साळुंके पुढे कॅमेरामन झाले, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. फाळक्यांकडे माणूस एक काम घेऊन येई आणि चार कामं शिकून जाई.

सातपूर_पाळी

वेगळं मत मांडतो. फाळक्यांबद्दल आदर आहे, पण सगळं पौराणिक. देव, चमत्कार, उडणारा मारुती. आजच्या कारखान्यातल्या पोराला यात काय मिळणार? त्यापेक्षा बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' घ्या, १९२५ चा. कर्जात बुडालेला शेतकरी. आजही जिल्ह्यातल्या कांदावाल्याला आपला वाटेल. मराठी मूकपटाचा उत्सव करायचा तर नुसत्या चमत्कारांचा का?

गोदाकाठ

@सातपूर_पाळी, पेंटरांसाठी वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा असेल. पण फाळके म्हणजे फक्त चमत्कार, हे पटत नाही. त्यांचा कॅमेऱ्यावरचा पहिला प्रयोग होता कुंडीतल्या रोपाचा. रोज ठराविक वेळी थोडी थोडी फिल्म फिरवून अंकुर वाढताना दाखवला, आणि तो बघून भांडवल मिळालं. पुढे 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात आगकाड्या आपोआप हलतात. तळेगावच्या काच कारखान्यावर केला. चित्रपट कसा तयार होतो यावरही केला. या माणसाला सगळ्या जगाचंच कुतूहल होतं. पुराणकथा घेतल्या कारण त्या पेशावरपासून मद्रासपर्यंत प्रत्येकाला आधीच माहीत होत्या. मूकपटाला याहून सोयीचं काय?

सातपूर_पाळी

ते शेवटचं वाक्य पटलं, बाकी मतभेद कायम. पडदा बांधायला मात्र येणार. पाळी दुपारची नसली तर.

नववीचा_वर्ग

मुलांचं विचारलंत म्हणून लिहितो. मी शिक्षक आहे. गेल्या वर्षी प्रोजेक्टरवर वर्गात 'कालिया मर्दन'चे काही भाग दाखवले होते. मला धाकधूक होती.

चित्रपट गोष्टीने सुरू होत नाही. आधी फक्त एका लहान मुलीचा चेहरा येतो. ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सहा-सात वर्षांची. कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते: हसते, रुसते, चिडते, घाबरते. मग हळूहळू तीच कृष्ण होते. वर्गातल्या मुली पहिल्या मिनिटाला पुढे सरकल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या वयाची पोर, आणि डोळे असे की नजर हटत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी "सर, ही सेल्फीचे पोज देतेय" म्हणालं, वर्ग हसला आणि तिथून पुढे चित्रपट त्यांचा झाला.

नंतर कृष्णाच्या खोड्या. रात्री एका शेठच्या घरात शिरून झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधतो, तिथे तर शाळा डोक्यावर घेतली. आणि शेवटी कालियाच्या डोहातली झुंज सुरू झाली तेव्हा सगळे गप्प. काठावर यशोदेची तगमग, इकडे पाण्यात हा सापाशी भिडलेला. शंभर वर्षांपूर्वीची कसरत आहे हे त्यांना दिसत होतं, तरी श्वास रोखून बघत होते.

तास संपल्यावर प्रश्न एकच: "हे केलं कसं?" मग सांगितलं की फाळके जादूचे प्रयोग करायचे, आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं, काही भाग काळा झाकून ठेवायचा, फिल्म मागे फिरवून पुन्हा घ्यायचं. दुसऱ्या दिवशी तीन मुलांनी मोबाइलवर स्वतःला दोन जागी उभं करून दाखवलं.

तेव्हा पोरं बसतील. ३० एप्रिलला परीक्षा संपलेल्या असतात, बोलावलं की येतील.

चिवडा_संध्याकाळ

'प्रोफेसर केळफा'!! हे मला माहीतच नव्हतं. 😀

शिंगाडा_तलाव

संगीताचं काय ठरलं? आपला नाशिक ढोल आहेच.

रीळवाला

नाशिक ढोल वाजवलात तर कृष्णाची गरजच नाही, कालिया आपणहून डोह सोडून जाईल.

त्र्यंबकची_लेक

😂😂 मूकपटाच्या काळी थिएटरात पेटी-तबला असायचाच. तेच करूया. आमच्याकडचं भजनी मंडळ गवळणी उत्तम म्हणतं. खोड्यांच्या प्रसंगाला गवळण, झुंजीला नुसता पखवाज. रेकॉर्ड लावू नका. समोर माणूस वाजवत असला की प्रेक्षक वेगळा बसतो.

देवळाली_कॅम्प

एक शंका. 'राजा हरिश्चंद्र' कुठे चाळीस मिनिटांचा लिहिलेला असतो, कुठे तासाभराचा. खरं काय?

रीळवाला

छान प्रश्न. माझा जन्म थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये गेला, म्हणून याचं उत्तर मनापासून देतो.

लांबी साधारण ३,७०० फूट. ३५ मिमीच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. मूकपट सेकंदाला साधारण १६ चित्रं या वेगाने चालत, म्हणजे सेकंदाला एक फूट. ३,७०० सेकंद म्हणजे तासाला थोडं वर. बोलपट आल्यावर वेग सेकंदाला २४ चित्रं असा पक्का झाला. तीच पट्टी त्या वेगाने सोडली की ४१ मिनिटांत संपते. दोन्ही आकडे एकाच पट्टीचे आहेत, मशीन वेगळं. जुने मूकपट टीव्हीवर पळापळ केल्यासारखे दिसतात त्याचंही कारण हेच. फाळक्यांची माणसं तुरुतुरु चालत नव्हती हो! आपण त्यांना चुकीच्या वेगाने बघतो. म्हणून आपल्या कार्यक्रमात योग्य वेगाची प्रत मिळवणं महत्त्वाचं. 'कालिया मर्दन'मधली मंदाकिनी सावकाश वळते तेव्हा ती काय ताकदीची आहे ते कळतं.

३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२०० चित्रं. त्या काळी सुरतेला लोक मोठमोठी नाटकं बघून सरावलेले, एवढ्याशा खेळाला येईनात. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की ५७,००० छायाचित्रांचा खेळ, तोही तीन आण्यांत. आकडा बहुतेक खराच होता. स्वतःचा माल स्वतः विकायची कलाही त्यांच्याकडे होती.

आणि ही फिल्म नायट्रेटची. भडका घेणारी. केबिनमध्ये वाळूची बादली का असायची ते जुन्या ऑपरेटरांना विचारा. त्या काळातले बहुतेक मूकपट असेच जळाले, सडले किंवा चांदी काढायला विकले गेले. पुण्याचं संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव फिरून डबे गोळा केले नसते तर आज आपल्यापुढे प्रश्न 'कोणता दाखवू' असा नसता, दाखवायलाच काही नसतं.

देवळाली_कॅम्प

धन्यवाद. प्रतिसाद वाचनखुणेत टाकलाय.

जुनं_नाशिक

नायरांचं नाव निघालं म्हणून. फाळक्यांच्या शेवटच्या वर्षांकडेही बघा. हिंदुस्थान कंपनीत भागीदारांशी पटेना, तेव्हा सगळं सोडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं. परत आले, पण काळ पुढे सरकला होता. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून केला तोवर बोलपट आला, मग त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ ला कोल्हापूरला 'गंगावतरण', त्यांचा एकच खरा बोलपट. वय ६७. त्यानंतर नाशिकला येऊन बसले. ज्या माणसाने एवढा मोठा धंदा उभा करून दिला त्याच्या हातात शेवटी फारसं काही उरलं नाही. याचा मला अजून राग येतो.

मालवणचा_वारा

@जुनं_नाशिक, या रागात मी तुमच्याबरोबर आहे. तोरण्यांच्या बाबतीतही तेच.

कायदेपंडित_गंगापूररोड

कामाचं लिहितो. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९१९ चा चित्रपट केव्हाच मुक्त झालाय. पण संग्रहालयाकडून चांगली प्रत हवी असेल तर त्यांची परवानगी आणि अटी वेगळ्या, पत्र आजच टाका. मोकळ्या जागेवर करणार तर जागेची लेखी परवानगी आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची. रात्री दहाच्या आत आटोपायचं.

पंचवटीकर

जागा गोदाघाट! पायऱ्यांवर बसायची सोय आयती आहे, शिवाय कालियाचा डोह समोरच.

नववीचा_वर्ग

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक असताना दुसरीकडे का? मुलांना घेऊन जायला तेच योग्य. तिथली गवतावरची जागा मोठी आहे.

सातपूर_पाळी

स्मारकाला संध्याकाळी परत यायला रिक्षा मिळत नाही. आया-बाया, म्हातारी माणसं कशी येणार? घाटच बरा.

रीळवाला

घाटावर वारा असतो. चादर बांधली तर ती शिडासारखी फुगते आणि कृष्ण जाडा-बारीक होत राहतो. पडद्याला खाली लोखंडी पाइप ओवून दोन्हीकडून ताणावा लागेल. आणि एप्रिलअखेरीस पूर्ण अंधार व्हायला साडेसात वाजतात, त्याआधी लावू नका, चित्र फिकं दिसेल. वळवाचा पाऊस आला तर प्रोजेक्टरवर ताडपत्री तयार ठेवायची.

त्र्यंबकची_लेक

पाऊस आला तर कुसुमाग्रज स्मारकाचं सभागृह मिळतंय का ते मी बघते. दोन्ही तयारी असू द्या.

गोदाकाठ

इथवर जमलेलं: चित्रपट 'कालिया मर्दन', त्यानंतर 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले भाग. पंचवटीकर, चालेल ना? पत्र मी लिहिते. पेटी, पखवाज त्र्यंबकहून. एक प्रश्न राहिला. चित्रपटात मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या आपल्या लहान मुलांना झरझर वाचता यायच्या नाहीत, काहींना त्यांची भाषाही जड जाईल. काय करायचं?

पंचवटीकर

चालेल. पण 'हरिश्चंद्र' आला की मी उभं राहून टाळ्या वाजवणार.

नववीचा_वर्ग

पाट्यांचं माझ्याकडे सोपवा. मुलींनीच वाचायच्या, मराठीत, मोठ्याने. एक मुलगी एक पाटी. मी उद्यापासून त्यांच्याकडून मराठी करून घेतो, म्हणजे भाषा पुस्तकी होणार नाही. मंदाकिनीचं काम मुलींच्याच आवाजात ऐकू येईल.

जुनं_नाशिक

हे फार चांगलं सुचलं. सर, सुरुवातीची दोन मिनिटंही त्यांनाच द्या. सरस्वतीबाई, कमलाबाई, तोरणे, साळुंके. मी माहिती लिहून पाठवतो.

शिंगाडा_तलाव

लोखंडी पाइप आमच्या गॅरेजला आहे, वीस फुटी. टेम्पो पण आहे. घाट की स्मारक ते एकदाचं ठरवा, म्हणजे त्या हिशोबाने आदल्या दिवशी आणून टाकतो.